न दाबलेलं बटण

मी एक टोपी बोलतेय. पण डोळ्यांसमोर पोहायच्या तलावातली टोपी आणा, पुढाऱ्यांची नको. निळं, ताणणारं कापड, अंगभर भोकं, प्रत्येक भोकात एक बारीकशी चकती आणि पाठीमागे वायरींची जाडजूड वेणी. हनुवटीखाली पट्टा बांधला की भलाभला माणूस माझ्यात बावळट दिसतो. सगळे आधी स्वतःचा फोटो काढून घेतात, मग कामाला बसतात.

माझा मुक्काम सॅस्काटून नावाच्या बर्फाळ शहरातल्या विद्यापीठात, तळघरातल्या एका खोलीत. बाहेर थंडीनं पापण्या गोठतात, म्हणून दाराशी खुंट्यांवर लोकरीच्या टोप्या लटकलेल्या असतात. त्या माझ्या चुलतबहिणी. त्या डोकं ऊबदार ठेवतात, मी डोक्यात काय चाललंय ते ऐकते. त्यामुळे त्यांच्यापुढे मी थोडा तोरा मिरवते, खोटं कशाला बोलू?

मला सांभाळते लारिसा. पन्नाशीची, जाड चष्म्याची, खिशात सदैव सूर्यफुलाच्या बिया. माणूस बसला की बिनटोकाच्या सुईनं प्रत्येक चकतीखाली जेल भरायचं, काम झालं की मला बाळांच्या शाम्पूनं न्हाऊ घालायचं, दात घासायच्या ब्रशनं एकेक भोक साफ करायचं, सगळं तीच करते. "सरळ राहा गं, किती वळवळतेस," असं मलाच दटावते. मला आई असती तर तिनंही एवढे लाड केले नसते.

काम ऐकायला सोपं. पडद्यावर अक्षरं झरझर येतात. प्रत्येक अक्षराला बटण दाबायचं, फक्त एक्स आला की हात आवरायचा. हाताला दाबायची सवय लागते आणि नेमका तेव्हाच एक्स येतो. हात आवरला, की कपाळाच्या थोडं वर, मेंदूत, विजेची एक लाट उठते. नाही आवरला, तर तिथंच एक दचका बसतो. आपलं चुकलं हे माणसाला कळायच्या आधी मला कळतं. प्राध्यापक, पाद्री, ट्रकवाले, सगळे त्या एक्सला फसतात आणि फसले की बटणाकडे रागानं बघतात. बटणाचं काय चुकलं?

कोरीन फ्रीसन पहिल्यांदा आली ती सप्टेंबरात. विद्यापीठाच्या मुलींच्या आइस हॉकी संघाची गोली, म्हणजे गोलरक्षक. हंगामाआधी प्रत्येक खेळाडूची हीच चाचणी घेऊन गुणांचा आकडा टिपून ठेवतात. पुढं डोक्याला मार बसला, तर पुन्हा घेऊन आधीच्या आकड्याशी ताडून बघतात. आकडा घसरला नसेल तरच संघाच्या डॉक्टर तिला बर्फावर उतरू देतात.

कोरीन सारखी चुकत होती. दर दुसऱ्या एक्सला बटण. पण दचका? एकदाही नाही! मी इतकी डोकी ऐकली आहेत, मला लगेच कळलं. पोरगी मुद्दाम चुकत होती. पहिला आकडाच खाली ठेवला, तर पुढं घसरणार कुठून? ही युक्ती तिथल्या खेळाडूंत एकमेकींच्या कानात सांगितली जाते आणि प्रत्येकीला आपण फार हुशार असं वाटतं. मला तिचा राग आला नाही. काळजी मात्र वाटली.

फेब्रुवारीत ती पुन्हा आली. सरावात एकीचा गुडघा तिच्या हेल्मेटवर जोरात आदळला होता आणि शनिवारी अंतिम सामना होता.

"काय म्हणतंय डोकं?" लारिसानं जेल भरता भरता विचारलं.

"एकदम मस्त. शनिवारी येताय ना?"

"न येऊन सांगते कुणाला! आमची आई डबाभर पेरोगी करणार आहे. निम्म्या खायला, निम्म्या त्यांच्या गोलीला फेकून मारायला." पेरोगी म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या.

कोरीन हसली, पण दिव्याकडे बघताना तिचे डोळे किलकिले होत होते.

या खेपेला ती मनापासून खेळली. दात आवळून, श्वास धरून. लाट उठायची आणि अर्ध्यातच बसायची. दचका यायचा तोही उशिरा, पेंगत. मला फार वाईट वाटलं. जीव तोडून ती कशीबशी पोचली, ती तिच्या सप्टेंबरातल्या खोट्या आकड्यापर्यंत. माझ्या लाटा प्राध्यापकांच्या अभ्यासासाठी, त्या कुणीतरी काही महिन्यांनी बघणार. डॉक्टरांकडे जातो तो फक्त आकडा.

लारिसानं यंत्र बंद केलं. "सप्टेंबरात होता तेवढाच. पास झालीस, पोरी!" मग ती हसायलाच लागली. "खरं सांगू? तेव्हा मी आईला म्हटलं होतं, आपली गोली एक्सला अशी भुलते, तर हुलकावण्यांना किती भुलेल! आणि पहिल्याच सामन्यात तू एकीलाही भुलली नाहीस. आईनं मलाच वेड्यात काढलं. बरं, पाठवू ना डॉक्टरांना?"

कोरीनचा 'हो' ओठांकडे निघाला होता. मी अजून तिच्या डोक्यावरच होते, मला तो निघालेला कळला. आणि मग लाट उठली. त्या दुखऱ्या, थकलेल्या डोक्यात एवढी लाट कुठून आली देव जाणे. तशी मी आधी कधी ऐकली नव्हती.

"नका पाठवू," ती म्हणाली. "तेव्हा मी मुद्दाम चुकले होते. आज नाही."

लारिसानं मला हळूच उतरवलं, कोरीनला बेसिनशी नेलं आणि तिच्या केसांतलं जेल स्वतःच्या हातांनी धुऊ लागली.

"पाणी फार गरम नाही ना?"

"नाही." तिनं तोंडावरचं पाणी निपटलं. "शनिवारी मी बाकावर बसणार."

"मग सगळ्या पेरोगी तुलाच देते. फेकायच्या नाहीत."

शनिवारी संघ हरला. कोरीन त्या दिवशी खूप रडली, असं लारिसानं मला घासताना सांगितलं. पण पुढच्या सप्टेंबरात ती परत आली, माझ्यात बसली, एका एक्सला फसली आणि "शी!" करून ओरडली. काय सणसणीत दचका होता! मला ओवाळून टाकावंसं वाटलं तिच्यावरून.

आता माझं कापड सैल पडलंय. नवी टोपी आली आहे. मी फळीवरच्या फोमच्या डोक्यावर बसून असते आणि त्या डोक्यात काहीच चालत नाही. लारिसा येता-जाता माझ्यावरची धूळ झटकते.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी तुमचा उठलेला हात थांबेल, ओठांवर आलेला शब्द आत जाईल. कुणी टाळी वाजवणार नाही, कारण काही घडलेलंच दिसणार नाही. तेव्हा माझी आठवण काढा. कोरीनच्या त्या लाटेची नोंदही कुठं नाही, यंत्र बंद होतं. पण ती उठली होती. मी तिच्या डोक्यावर होते.