एकाच दुधाचे दोन थेंब

वाशीच्या आठवडी बाजारात मिरच्या घेणाऱ्यांपेक्षा शिळेभोवती उभे राहणारे जास्त झाले होते. पारावर रोज बसणारे शिळेश्वरबुवा, त्यांच्यापुढं कडेनं शेंदूर फासलेली पिवळसर गुळगुळीत शिळा आणि शिळेपुढं रांग. पुरुषानं बोट टोचून रक्ताचा थेंब द्यायचा, बाळंतिणीनं दुधाचा. बुवा ओल्या फडक्यानं शिळा पुसत आणि थेंब सोडत. तो मोत्यासारखा टम्म राहिला तर माणूस शुद्ध. पसरला तर आत काहीतरी नासलेलं. शिळा ओली झाली की तिच्यावर कोरड्या उलट्यासुलट्या रेघा दिसत. ती म्हणे देवाची लिपी.

"वाचता येईना ना?" बुवा विचारत. "आली असती तर तुम्ही इथं बसला असता अन् म्या रांगेत."

लोक हसत आणि हसता हसता नारळ पुढं करत. महालिंगप्पा आडत्यांचा थेंब मोत्यासारखा उभा राहिला होता आणि त्यांनी पोतंभर ज्वारी वाहिली होती. आधी थेंब की आधी पोतं, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

पारापासून पन्नास पावलांवर फकरुद्दीनचं वह्या बांधायचं दुकान होतं. उस्मानाबादेत उर्दू शिळाछापखान्यात त्यानं एकोणीस वर्षं काढली. निजामी गेली, कचेरीचे कागद मराठीत आले, छापखाना मोडला आणि तो वाशीला आला. बुवाला तो दुकानातूनच हसायचा. ती पन्नास पावलं मात्र कधी चालला नाही. असल्या ठिकाणी आपण जात नाही, याचा त्याला थोडा तोराच होता.

त्याची लेक फरिदा दोन महिन्यांच्या सायराला घेऊन माहेरी आली होती. सायरा संध्याकाळ झाली की रडायची, जशी सगळी लेकरं रडतात. शिळेवर दाखवून येते, असं फरिदाची आई बिस्मिल्लाबी नवऱ्याला म्हणाली. खळीच्या भांड्यातून मान वर न काढता फकरुद्दीन बोलला, "जाऊन या. बिघडतंय काय त्यात."

फरिदाचा थेंब पसरला.

"दूध न्हाय, जहर हाय हे," बुवा म्हणाले. "अकरा दिवस पाजायचं न्हाय. शिळेवरून उतरलेलं पाणी पाजा."

फकरुद्दीन हसेल म्हणून मायलेकींनी त्याला काही सांगितलं नाही. फरिदानं छातीला फडकं आवळून बांधलं. ते भिजलं की भिंतीकडं तोंड करून ती पिळायची. आईच्या वासानं सायरा छातीकडं तोंड वळवायची. तिसऱ्या दिवशी जुलाब लागले. पाचव्या दिवशी तिनं तोंड वळवणं सोडलं. सहाव्या दिवशी फकरुद्दीनच्या ध्यानात आलं, की घरात लेकराचा आवाजच नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच राहिली, अंगातलं पाणी संपलं होतं. "आईचं दूध का तोडलं?" त्यांनी विचारलं. तेव्हा बिस्मिल्लाबीनं नवऱ्यासमोर शिळेचं सगळं सांगितलं, थेंब कुठं पडला इथपर्यंत. दुपारच्या नमाजापर्यंत सगळं संपलं. कबरस्तानात नेताना ते गाठोडं फकरुद्दीनच्या दोन हातांत होतं. जन्मभर कागद उचललेल्या त्या हातांना कळलं, की याला एका रीमाचंही वजन नाही.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. फकरुद्दीन ती पन्नास पावलं चालला.

बुवांनी शिळेवरून ओलं फडकं फिरवलं. पाण्यातून कोरडी अक्षरं वर आली. उलटी उर्दू अक्षरं वाचण्यात या माणसाची एकोणीस वर्षं गेली होती.

"शुक्रवारी निकाह आहे," त्यानं मोठ्यानं वाचलं. "मेहमानांनी जेवायला यावं. ठिकाण ढोकी."

"देव जेवायला बोलावतोय का काय, चाचा?" कोणीतरी विचारलं. हशा झाला. फकरुद्दीन हसला नाही.

"ही छापखान्याची शिळा हाय. तेलकट शाईनं हिच्यावर उलटं लिहायचं, बाकी दगडाला डिंकपाणी द्यायचं. शाई पुसली तरी तेल मुरलेलं राहतंय. तेलकट जागेवर पाणी धरत न्हाय, थेंब गोळा होतोय. कोऱ्या जागेवर पसरतोय. रक्त असो, दूध असो, दगडाला सगळं सारखंच. ही कोपऱ्यातली जाड वेलबुट्टी बघा. रोज तिला मेणाचा हात दिलाय. आडतेसाहेबांचा थेंब हिच्यावर पडला, तुम्हीच बघितलाय. माझ्या पोरीचा चार बोटं अलीकडं."

"अविश्वासानं शिळा बाटली," बुवा म्हणाले. "दाखव करून. दूध कुणाचं आणतोस? तुझं?"

पुन्हा हशा झाला, पण तो मध्येच थांबला. बायकांच्या बाजूनं फरिदा पुढं आली होती. लेकरू गेलं तरी दूध थांबलं नव्हतं. लोकांकडं पाठ करून तिनं कटोरीत थोडं पिळलं आणि बापाच्या हातात दिलं.

पहिला थेंब वेलबुट्टीवर पडला. टम्म उभा राहिला. दुसरा चार बोटं अलीकडं पडला आणि बघता बघता पातळ होऊन पसरला.

फरिदानं दोन्ही थेंबांकडं बघितलं. "म्हंजे चांगलं होतं, अब्बा," ती म्हणाली.

बुवांनी झोळी उचलली, तसा गर्दीतून पुढं येऊन धुळाप्पा पाटलांनी त्यांचा दंड धरला. महालिंगप्पा चपला शोधू लागले.

"हे थोतांड हाय, मला ठाऊक होतं," फकरुद्दीन लोकांना म्हणाला, "अन् मी दुकानात बसून हसत होतो. तुम्ही तसं करू नका. दगडाला तेल कळतंय, पाणी कळतंय. आई कळत न्हाय, लेकरू कळत न्हाय. लेकरू पितंय का, वाढतंय का, दुपटं ओलं करतंय का, एवढं बघा. काही वेगळं दिसलं तर दवाखान्यात न्या. कुणी चमत्कार दाखवला तर जागा बदलून पुन्हा दाखव म्हणा. एवढं विचारायला शाळा लागत न्हाय."

रांगेत गजराबाई बसली होती. तिचाही थेंब चार दिवसांपूर्वी पसरला होता. मांडीवरचं पोर बारीक आवाजात कुरकुरत होतं. दूध आटलंय आता, ती पुटपुटली.

"न्हाय आटत. लावत राहा, येतंय," म्हणत फरिदा तिच्याजवळ खाली बसली. गजराबाईनं पदर ओढून पोराला जवळ घेतलं, पण ते थकलेलं, तोंड उघडेना. कटोरीत अजून थोडं दूध उरलं होतं. फरिदानं त्यात बोट बुडवलं आणि पोराच्या ओठांवर टेकवलं. पोरानं आधी चाटलं. मग ते बोट घट्ट धरून चोखू लागलं.