अकरा पावलांचा ठिपका

मित्रांनो, मला सरळ रेषेचा भारी माज आहे, हे आधीच सांगून टाकते. मी एका फुटबॉल क्लबची जुनी फक्कीची गाडी. फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी, जिने मैदानावर रेषा आखतात. तुम्ही सामना बघायला येता, खेळाडूंकडे बघता, चेंडूकडे बघता, गोल झाला की नाचता. खाली बघता का कधी? रेषा सरळ असेल तर तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि जरा वाकडी झाली की सगळ्यांचे डोळे तिच्यावरच खिळतात! असो, मी रडगाणं गायला आलेले नाही. मला एका रविवारची गोष्ट सांगायची आहे. ती आठवली की अजून माझी चाकं शहारतात.

माझा जन्म क्लबाच्या मागच्या अंगणातला. संघात बचावाला खेळणारा एक वेल्डर होता. त्याने रंगाचा रिकामा डबा कापून माझं पोट केलं, खाली लांबट फट ठेवली आणि तिथे चाकांबरोबर फिरणारा ब्रश बसवला. चाकं बाबागाडीची. मैदान सांभाळणाऱ्या काकांचा मुलगा पायाने चालू लागला आणि त्याच्या गाडीची चाकं माझ्याकडे आली. तेव्हापासून माझा दांडा काकांच्याच हातात. क्लबात सगळे त्यांना रेषाकाका म्हणतात.

रेषाकाका उंच, आणि जेवढे उंच तेवढेच हट्टी. मैदान आखायला त्यांनी जन्मात कधी फीत वापरली नाही. त्यांचं एक पाऊल म्हणजे बरोबर एक मीटर. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून अकरा मीटरवर असतो, म्हणजे काकांची अकरा पावलं. मला मागे ओढत ते मोठ्याने मोजत जायचे, "एक... दोन... तीन..." आणि अकराला थांबून ठिपका टाकायचे. कुणी फितीचं नाव काढलं की म्हणायचे, "फीत शिंप्याला लागते. मला देवाने पाय दिलेत." क्लबालाही या पावलांचा केवढा अभिमान! पाहुणे संघ आले की आमचे लोक छाती फुगवून सांगायचे, "आमच्या मैदानाला आजवर फीत लागलेली नाही हो!"

गंमत म्हणजे त्यांना सून मिळाली ती शिंपीणच. गळ्यात फीत, तोंडात टाचण्या. सासऱ्यांचा तो टोमणा ऐकून ती नुसती हसायची, कारण तोंडात टाचण्या असताना कुणाला उत्तर देता येत नाही. हीच सून आमच्या बायकांच्या संघाची कप्तान.

या संघाचं काय सांगू! गोलात एक नर्स, पुढे बेकरीवाली, मधे शिंपीणबाई. दिवसभर राबून संध्याकाळी धावायला यायच्या. पण तीन वर्षांत एकही सामना जिंकल्या नव्हत्या. शेवटी क्लबाच्या अध्यक्षांनी, म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधदुकानदारांनी, बैठकीत सांगून टाकलं, "या स्पर्धेत एक तरी सामना जिंका. नाहीतर संघ बंद. सरावाची वेळ लहान मुलांना देऊ." मी जिन्याखालच्या खोलीत फाटक्या जाळ्यांशेजारी उभी होते. दारातून मला शिंपीणबाईंचा चेहरा दिसला. गळ्यातली फीत ती नुसती बोटाभोवती गुंडाळत होती.

स्पर्धा शनिवार-रविवारची, आमच्याच मैदानावर. शुक्रवारी आम्ही आखणीला लागलो. पलीकडच्या गोलाचा ठिपका झकास पडला. अलीकडच्या गोलापाशी आलो तेव्हा काकांनी दोनदा थांबून गुडघा चोळला. मग मोजायला लागले. एरवी अकरा पावलांत माझ्या चाकांचे चौदा फेरे होतात. त्या दिवशी बाराच झाले! मी ओरडत होते, म्हणजे करकरत होते, "काका, पाऊल आखूड पडतंय!" काकांना वाटलं चाक कुरकुरतंय, त्यांनी चाकावर दोन थेंब तेल सोडलं आणि ठिपका टाकला. मला तोंड असतं ना, तर हे पुढचं रामायण घडलंच नसतं.

शनिवार उजाडला आणि मैदानावर नुसती धमाल! आमच्या मुलांचा संघ तीन-शून्यने जिंकला. चाळिशीच्या वरच्यांचा संघ सात-शून्यने हरला आणि जिंकल्यासारखा एकमेकांच्या गळ्यात पडला. पुरुषांचा संघ उपांत्य फेरीत गेला. बायका मात्र दोन सामने खेळल्या आणि दोन्ही हरल्या. उरला रविवारचा एकच.

तो सामना मी अलीकडच्या गोलाच्या मागे उभी राहून पाहिला. पाहुण्यांनी आधी एक गोल केला. मग बेकरीवालीने असा चेंडू हाणला की तो थेट पार्किंगकडेच निघाला होता, पण मधेच त्यांच्या एकीच्या पाठीवर आपटून जाळ्यात शिरला! एक-एक! अध्यक्षसुद्धा खुर्चीवरून उठले. पण बरोबरी होऊन भागणार नव्हतं, जिंकायलाच हवं होतं. दोन मिनिटं उरली. बेकरीवाली चेंडू घेऊन गोलाकडे घुसली, कुणीतरी तिला मागून पाडलं, आणि पंचांची शिट्टी वाजली.

पेनल्टी! माझ्यासमोर, त्याच ठिपक्यावर!

शिंपीणबाईंनी चेंडू ठेवला. चार पावलं मागे गेल्या. वर पाहिलं आणि थबकल्या. कापडाचा तागा नुसत्या नजरेने मापणारी ती बाई. ठिपक्याकडे बघितलं, गोलाकडे बघितलं, पुन्हा ठिपक्याकडे. मग कडेच्या खुर्चीवर बसलेल्या सासऱ्यांकडे बघितलं. तिला कळलं होतं! गप्प बसली असती तर गोल जवळ, सामना खिशात, संघ वाचला. आणि बोलली असती तर चारशे माणसांसमोर सासऱ्यांची मान खाली.

"पंचसाहेब, जरा थांबा," ती म्हणाली. "हा ठिपका जवळ आहे."

"अगं, आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?" मागून बेकरीवाली किंचाळली. "मार की!"

"मारते. पण बरोबर जागेवरून."

तिने पिशवीतून फीत मागवली. फीत साठ इंचांची. गोलरेषेपासून मापायला लागली. सात फिती आणि वर तेरा इंच भरायला हवे होते, भरल्या कशाबशा सव्वासहा. जवळजवळ अख्खी एक फीत कमी! सगळ्या माना काकांकडे वळल्या. काका उठले. माझ्याकडे लंगडत आले आणि माझा दांडा धरला. सून पुढे झाली.

"बाबा, रागावलात?"

"घरात सांगायचं होतंस."

"घरी तुम्ही तरी कुठे सांगितलंत, गुडघा दुखतो म्हणून?"

क्षणभर मला वाटलं, हा हट्टी माणूस आता मला इथेच सोडून निघून जाणार. पण ते गोलरेषेपाशी गेले, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि फितीचं एक टोक बोटाने दाबून धरलं. "चल, माप," म्हणाले. "मी धरतो." फीत उचलत, पुन्हा टेकवत दोघं पुढे सरकली. जुना ठिपका काकांनी चपलेने पुसला आणि नव्या जागी माझ्या पोटातली मूठभर फक्की टाकली. त्या मैदानाला पहिल्यांदा फीत लागली होती.

आता मारायचं होतं. शिंपीणबाई धावत आल्या आणि कडाक्कन चेंडू हाणला. आणि त्या गोलकीपरने तो अडवला! अरे देवा! माझ्या ब्रशाचा केस न् केस उभा राहिला. चेंडू तिच्या हातावरून उसळला, सगळ्या त्याच्यावर तुटून पडल्या, पायात पाय, धूळ, आरडाओरडा, आणि त्या गर्दीतून बेकरीवालीची नडगी चेंडूला लागली. हो, नडगी! पाय तिने कुठल्या कुठे फिरवला होता. चेंडू लंगडत लंगडत गेला आणि जाळ्यात जाऊन पडला.

गोल! दोन-एक! मित्रांनो, काय तो गोंधळ! नर्स आपला गोल सोडून अख्खं मैदान धावत आली. चाळिशीवाले आत घुसले. अध्यक्षांनी टोपी उडवली, ती माझ्या पोटात पडली आणि पांढरी होऊन बाहेर आली. बेकरीवाली आपली नडगी सगळ्यांना दाखवत फिरत होती. मी गाडी असून आनंदाने थरथरत होते. संघ वाचला होता!

दुपारी पुरुषांच्या सामन्याआधी पुसट झालेल्या रेषा पुन्हा आखायच्या होत्या. काकांनी माझा दांडा सुनेच्या हातात दिला. "तू आख. मी बसून बघतो." इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात मला लागला नव्हता. कापडावर सुतासारखी सरळ कात्री चालवणारी ती बाई, पण मला ढकलताना तिची जी त्रेधा उडाली! कडेची रेषा अशी झाली, की जणू साप वळवळत गेलाय. बोटभर वाकडी रेषा दिसली तर काका जेवायचे नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. सूनबाई घाम पुसत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कशी झाली, बाबा?"

काकांनी रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"सरळ आहे," ते म्हणाले.

माझ्या रेषेबद्दल ते खोटं बोलले, आणि मला एवढंसुद्धा वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. काम झालं की माझं पोट रिकामं करत जा, ओल लागली की फक्कीचे दगड होतात. चाकांना अधूनमधून तेल द्या. मी दुखलं की करकरते तरी, म्हणून तुम्हाला कळतं. पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसांची पावलं आखूड पडायला लागली, तर ती आपणहून काही सांगणार नाहीत. तेवढं तुम्हीच बघा.