पाहतो म्हणायचं

आर्णीच्या बंबावर नवा माणूस आला की नीळकंठकाका त्याला पाइप जोडायच्या आधी एक गोष्ट शिकवायचे. आगीबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकाला 'पाहतो' म्हणायचं, 'आणतो' कधी म्हणायचं नाही. "आपल्या हातात पानी आहे बावा, जीव नाही," असं वर सांगायचे. इम्तियाजनं हे वर्षानुवर्षं पाळलं आणि कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आगीत नेमकं विसरला.

त्याला तरी दोष कसा द्यायचा? कापसाचे ढीग पेटलेले, धुरानं भरदुपारी अंधारलेलं आणि बघ्यांची ही जत्रा! फुकटचे सल्ले देणाऱ्यांना आगीची झळ कधी लागत नाही. त्या गर्दीतून हंसाबाई पुढे आली आणि तिनं इम्तियाजची बाही धरली. तिचा नवरा उकंडा जिनिंगमध्ये हमाली करायचा.

"माहा मानूस आत हाये रे बाप्पा!"

तिची मूठ सुटेना, आणि इम्तियाजच्या तोंडून निघून गेलं, "आनतो, मावशी. तू इथंच थांब."

तो आत घुसला. उकंडाची हाकही त्यानं ऐकली, एकदाच. मग छपराचे पत्रे कोसळले आणि नीळकंठकाकांनी त्याला कमरेच्या दोरानं बाहेर ओढलं. हंसाबाई सांगितलेल्या जागेवरच उभी होती. उकंडाला दुसऱ्या दिवशी चादरीत गुंडाळून आणलं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. घरी बायकोनं, कशफनं, दूध आणायला सांगितलं तरी इम्तियाज 'पाहतो' म्हणायचा. आधी ती चिडली, मग समजली आणि तिनं सांगायचंच सोडलं. बंबाच्या ठाण्यात बाकीचे पत्ते कुटत, एकमेकांची टर उडवत. जळलेल्या माणसाचं नाव कोणी काढत नसे. तेच त्यांचं औषध. इम्तियाजला ते लागू पडलं नाही. ती हाक त्याला जेवताना ऐकू यायची आणि घास ताटात तसाच राहायचा.

उकंडाची तेरवी झाल्यावर हंसाबाई ठाण्यात आली. पत्ते थांबले. ती थेट इम्तियाजसमोर उभी राहिली.

"तू आनतो म्हनला, म्हनून मी थांबली. नाहीतं मीबी आत गेली असती."

इम्तियाजची मान खाली गेली.

"त्याले तं नाही आनलं. त्याची सायकल जिनिंगच्या फाटकापाशी हाये. मले तिकडं जाववत नाही. तेवढी तरी आनशीन का?"

नीळकंठकाकांनी वर पाहिलं. इम्तियाजनं तोंड उघडलं, पण 'पाहतो' काही निघेना.

"आनतो, मावशी."

काकांनी पत्ते गोळा करायला घेतले.

सायकल राखेनं माखली होती. इम्तियाजनं ती रुमालानं पुसली. तिच्यावर बसायचं मन होईना, म्हणून हातात धरून चालत निघाला. आज पहिल्यांदा त्याला जरा हलकं वाटत होतं. एवढा एक शब्द तरी खरा होणार होता.

हंसाबाईच्या गल्लीत खड्ड्यांना तोटा नाही. घराजवळ चाक आपटलं आणि ढिली घंटी आपोआप वाजली.

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. पदर सावरत हंसाबाई लगबगीनं दारात आली, उकंडा कामावरून आला की रोज यायची तशी. तिनं सायकल पाहिली. मग सायकल धरलेला माणूस पाहिला आणि चौकट धरून ती खाली बसली.

इम्तियाजनं घंटीवर हात दाबून धरला. पण ती वाजून गेली होती.