दुपारपर्यंतची ठमी

"मास्तर, पुढच्या वर्षीपासून तुम्हाला त्रास देणार नाही आम्ही," हॉलच्या दाराशीच डॉक्टरबाई म्हणाल्या.

टेलरमास्तरांना वाटलं, आपलंच काही चुकलं. या बाई मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापकांचं शिबिर घेत. इस्पितळाच्या कामातल्या फटी कशा हुडकायच्या, कशा बुजवायच्या आणि ते विद्यार्थ्यांच्या गळी कसं उतरवायचं, हे तिथं शिकवलं जाई. मास्तर दरवर्षी तिथं आपल्या मुलीची गोष्ट सांगत. कॉलेजात जाणारी ठमी तापाचं निमित्त होऊन याच इस्पितळात दाखल झाली. रक्तात धोका दाखवणारा रिपोर्ट दुपारीच तयार होता. लॅबला वाटलं, वॉर्डात कळलंय. वॉर्डाला वाटलं, अजून आलाच नाही. तेवढ्यात ड्यूटी बदलली. संध्याकाळी ठमी गेली.

आता तसा रिपोर्ट निघाला की लॅब तडक वॉर्डात फोन करते, बाईंनी समजावलं. तेव्हापासून त्या कारणानं कुणी दगावलं नव्हतं. "हे तुमच्यामुळं झालं. यापुढं आम्ही दुसरी उदाहरणं घेऊ."

"चांगलं झालं," मास्तर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. पण घरी बायको ठमीचं नाव काढू देत नसे. थोरला लगेच विषय बदलायचा. ठमी यायची ती या हॉलमध्येच. गोष्ट सुरू झाली की खाटेवर उठून बसायची, बापाच्या शर्टाचं तुटकं बटण दाखवून म्हणायची, टेलर ना तुम्ही? आणि गोष्टीच्या शेवटी दरवर्षी मास्तरांनाच तिला मारावं लागायचं.

ते माइकसमोर उभे राहिले. सकाळ सांगून झाली. बटणाचं ऐकून डॉक्टर हसलेही. दुपार झाली. ठमीनं वेणी घालून मागितली. मास्तरांनी गुंता सोडवत, दुखणार नाही अशा बेतानं वेणी घातली. तिनं हात मागं नेऊन ती चाचपली आणि म्हणाली, "बरी जमली की."

आता रिपोर्टाचं सांगायचं होतं. मास्तर थांबले.

बाई हलकेच म्हणाल्या, "मास्तर, पुढं?"

"पुढचं तुम्ही दुरुस्त केलंत ना," मास्तर म्हणाले. "मग राहू दे तिला इथंच."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मास्तर खाली उतरले आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर कुणाची तरी पिशवी होती. ती त्यांनी अलगद उचलून मांडीवर घेतली आणि खुर्ची मोकळी केली.