वरचा कान, खालचा कान

मित्रांनो, मी नेमबाजीच्या एका रायफलीचा जुना बोल्ट आहे. मला पुढे ढकलून दांडी खाली केली की नळी मागून बंद होते. तोंडाशी मला दोन पोलादी कान आहेत, एक वर, एक खाली. गोळी सुटली की सगळा धक्का ते झेलतात. एकाने अंग चोरलं की दुसऱ्याचे हाल होतात आणि नेमही बिघडतो.

क्लबात मी अनेक वर्षं राबलो. कौतुक मात्र नेहमी नळीचं झालं. मग कपाटात पडून राहिलो. तिथून मला एका मुलीने बाहेर काढलं, म्हणून माझा तिच्यावर फार जीव. पण तिच्या गोळ्या पांगू लागल्या. निवड चाचणी आठवड्यावर आलेली, दुसरी रायफल नाही. तिचा मामा बंदुका दुरुस्त करायचा. ती मला रायफलीसकट त्याच्याकडे घेऊन गेली.

मामाने माझ्या कानांना निळी शाई लावून मला बंद केलं, उघडलं. खालच्याची शाई पुसली होती, वरच्याची जशीच्या तशी. "वरचा टेकतच नाहीये," मामा म्हणाला. खालचा झिजून वरचाही टेकावा म्हणून खालच्या कानाला घासायची पेस्ट लावून तो दांडी वरखाली करू लागला. पुन्हा शाई, पुन्हा तेच. माझा जीव टांगणीला लागला. मापापेक्षा जास्त झिजलो तर मी भंगारात जाणार होतो, आणि तिची चाचणीही हुकणार होती.

"मामा, आतली स्प्रिंग काढलीस का?" भाचीने विचारलं.

"तीस वर्षं हेच करतोय मी," मामा म्हणाला आणि त्याचा हात थांबला. स्प्रिंग माझ्या पोटातच होती. तिच्या ताणाने माझी मागची बाजू उचलली जात होती, म्हणून वरचा कान टेकत नव्हता. "आज अक्कल घरी ठेवून आलो बहुतेक," तो पुटपुटला.

स्प्रिंग काढल्यावर शाई दोन्ही कानांवरून जवळजवळ सारखी पुसली गेली. खोट होती, पण जराशीच. पेस्ट लावून चारदा घासल्यावर तीही गेली. आता शेवटची परीक्षा उरली. नळीत झिजेची शेवटची मर्यादा दाखवणारा मापाचा तुकडा ठेवून मामाने दांडी हलकेच खाली आणली. ती पूर्ण बसली असती, तर मी संपलो होतो.

दांडी अर्ध्यावर अडली.

"वाचला," मामा म्हणाला. भाची स्टुलावर मटकन बसली आणि हसायला लागली. अडल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

मित्रांनो, जुन्या वस्तूला घासून सरळ करायला जरूर घ्या. पण आधी तिच्यावर कशाचा ताण आहे ते बघा, आणि तो काढा.