दोनशे बारा, निरोगी

चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता... नळीवरची चिठ्ठी, २१२, आणि हातमोज्यातल्या अंगठ्याने तो कोपरा दाबता दाबता तिच्या लक्षात आलं की ही नळी शीतपेटीतून काढून आपण चांगली पाच मिनिटं नुसत्या उभ्या आहोत – स्वतःचंच रक्त हातात धरून, खुळ्यासारख्या.

"काय माणूस आहे बघा," सर मागून म्हणाले. "गुणसूत्राचा एवढा तुकडा गायब, असल्या माणसांना हमखास भास व्हायला लागतात, तरी हा ठणठणीत. घरातही कुणाला काही नाही. याला कशाने वाचवलं ते सापडलं की झालं आपलं काम."

हा नव्हे, ही. मी. नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे; सरांना कुठून कळणार. चार वर्षांपूर्वी निरोगी गटात एकच नमुना कमी पडत होता, तेव्हा "अहो, तुम्हीच द्या की" असं सरच म्हणाले होते, आणि तिने हसत बाही वर केली होती. मग अर्ज. प्रश्न नववा – रक्ताच्या नात्यात कुणाला मानसिक आजार? सर शेजारीच उभे, पेन हातात... नाही. एका खुणेसरशी दादा पुसला गेला. एकोणिसाव्या वर्षी परीक्षेतून उठून आलेला दादा, ज्याच्याशी भिंती बोलतात, ज्याच्या गोळ्या दर रविवारी ती स्वतः डबीत भरते. आता त्या खोट्यावर सरांनी अख्खा प्रबंध रचलाय. सांगावं तर नोकरी जाते. न सांगावं तर कितीतरी घरांना खोटी आशा लागते. आणि तो गायब तुकडा? आठवडाभर ती स्वतःवरच पाळत ठेवून होती. परवा कुलूप दोनदा ओढून बघितलं, तर वाटलं, झाली सुरुवात.

फोन वाजला. दादा.

"चिमणे, जेवलीस?"

"हो रे."

"आवाज असा का? काहीतरी लपवतेयस तू."

डॉक्टरांच्या वहीत याची नोंद होते – संशय वाढला, गोळी वाढवा.

"काही नाही, दादा."

"मला सांग ना. मी कुणाला नाही बोलणार."

सांगावं याला. हा लगेच विश्वास ठेवील. आणि याने बाहेर कुठे सांगितलंच, तरी याच्यावर कोण विश्वास ठेवणार?... तिला एकदम हायसं वाटलं, कितीतरी दिवसांनी श्वास पुरता आत गेला – आणि मग अंगावर काटाच आला. इतके दिवस आपलं डोकं फिरेल म्हणून ती धास्तावली होती. हे तर तिला पुरत्या शुद्धीत सुचलं होतं.

पलीकडे दादा वाट बघत होता.