ताम्रपत्रीतलं भोक

पिंप्राळ्याच्या मैदानात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मांडवात नेत्रानंद महाराज तांब्याची पट्टी उंचावून गरजत होते, "मुंबईवाले डोळ्याला ब्लेड लावतात, लेसरने जाळतात! इथं ब्लेड नाही, लेसर नाही. ताम्रपत्रीतून बघा, सूर्यदेव नंबर उतरवतील!"

माणसं पट्टीतल्या बारीक भोकातून बघत, रस्त्यापलीकडची दुकानाची पाटी घडाघडा वाचत आणि चष्मा घंगाळात टाकून मोकळी होत.

डॉ. सुनंदाबाई नेहेते मागे उभ्या होत्या. पंधरा वर्षं जळगावात डोळे तपासताना त्यांनी अंजनवाले पाहिले, मधवाले पाहिले. आता चिडायचंही त्राण उरलं नव्हतं. पण सकाळीच पुष्पाबाई दारात रडत आली होती. तिचा नवरा तोताराम एसटीचा ड्रायव्हर, नंबर उणे चार. कालच चष्मा इथं टाकून आला होता, आज पुन्हा दर्शनाला आला होता, आणि दुपारी त्याला साक्रीची गाडी न्यायची होती. भरलेली.

सुनंदाबाईंनी त्याला गर्दीत गाठलं. "भाऊ, ती पाटी वाचा."

त्याने पट्टी डोळ्याला लावली. "माले बठ्ठं दिसी ऱ्हायनं, डॉक्टरबाई, पुरी पाटी!"

"पट्टी काढा. आता?"

तोताराम डोळे बारीक करून बघत राहिला. पाटीवरची अक्षरं पुसट झाली होती.

सुनंदाबाईंनी पर्समधलं एक कार्ड काढलं, पदराच्या सेफ्टी पिनने त्याला भोक पाडलं. "आता यातून."

पाटी पुन्हा लख्ख.

"हाई काय शे?" तोताराम चपापला.

"बारीक भोकातून मोजकेच किरण आत जातात, पसरत नाहीत, म्हणून स्पष्ट दिसतं. नंबर आहे तिथंच आहे. आणि भोकातून बाजूचं काही दिसत नाही. आडवी सायकल आली तर?"

महाराज कडाडले, "माझ्या सान्निध्यानं कार्डातही शक्ती उतरली!" दोघाचौघांनी हातही जोडले.

"मग कार्ड घेऊन स्टेशनवर जा आणि तिथून बघा," सुनंदाबाई म्हणाल्या. कोणीतरी हसलं. पिन हातोहात फिरू लागली.

तोतारामने घंगाळ उपसून आपला चष्मा शोधला. "मंग ऑपरेशनच करी टाकू?"

"ब्लेडने चिरा पाडायची रीत जुनी, नजर पुढेही कमीजास्त होत राहते. वरचा थर खरवडून लेसर मारला तर चार दिवस डोळा दुखतो, नजर सावकाश येते. नव्या रीतीत पापुद्रा उचलून खाली लेसर मारतात. नजर लवकर येते, पण बुबुळ पातळ असेल तर करू नये. तुम्हाला कुठली चालेल, ते तपासल्यावर सांगेन. कदाचित एकही नाही. जो फक्त फायदे सांगतो त्याच्याकडे जाऊ नका, मग तो डॉक्टर का असेना."

तोताराम चष्मा पुसत डेपोकडे निघाला. अर्धी रांग मात्र हलली नव्हती. सुनंदाबाई रांगेतल्या पुढच्या म्हातारीजवळ गेल्या.

"अक्का, माझं खरं मानू नका, त्यांचंही मानू नका. पट्टी बाजूला करा आणि स्वतः बघा."